तयार झाल्याची तारीख

निकाल दहा जुलै १९८६चा. निकालाची नक्कल उत्तम गजभियेच्या हाती पडली अठ्ठावीस ऑगस्टला. त्यानंतर सहाव्या दिवशी, तीन सप्टेंबरला, जबलपूरच्या उच्च न्यायालयात त्याचे अपील दाखल झाले. मुदत तीस दिवसांची होती. अपील तेरा दिवस उशिरा ठरले.

उत्तम सौसरच्या शाळेत विज्ञान शिकवीत असे. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात हे ठाऊक असल्यामुळे त्याने हिशेब दोनदा केला होता. जबलपूरचा आक्षेप आल्यावर तिसऱ्यांदा केला आणि कागद घेऊन तो भगवंतराव वकिलांकडे गेला.

वकिलांनी नक्कल उलटी करून मागच्या शिक्क्यावर बोट ठेवले. "अर्ज चौदा जुलै. तयार पंचवीस जुलै. दिली अठ्ठावीस ऑगस्ट. तयार होईपर्यंतचेच बारा दिवस सोडतात, गुरुजी. पुढचे चौतीस दिवस नक्कल तुमची वाट पाहून राहिली होती. तुम्ही काय करून राहिले होते?"

"कार्डाची वाट पाहून राहिलो होतो. ते आलंच नाही, तेव्हा स्वतः जाऊन नक्कल आणली."

निकाल छिंदवाड्याच्या जिल्हा न्यायालयाचा होता आणि तिथे तशी पद्धत होती. अर्जदाराने स्वतःचा पत्ता लिहिलेले पोस्टकार्ड नकलांच्या खिडकीत द्यायचे. नक्कल तयार झाली की बाबू ते टपालात टाकी.

"टायफॉइड झाला होता असं लिहू. सर्टिफिकेट भेटते."

"मला टायफॉइड झाला नव्हता."

"मग दुसरं कारण आणा. उशिराची माफी नाही भेटली, तर अपील कोणी उघडूनही पाहणार नाही. कमलबाई मोकळ्या."

नवऱ्याने दोन वर्षे टाकून दिले, या कारणावर कमलला घटस्फोट मिळाला होता. उत्तमची बदली पांढुर्ण्याहून सौसरला झाली आणि ती नदीपलीकडे सावरगावला आईकडे गेली, एवढेच घडले होते असे त्याचे म्हणणे. पांढुर्ण्याची खोली त्याने सोडली नव्हती. भांडीकुंडी आत होती, कुलूप त्याचे होते. घर मोडलेले नाही, या एकाच मुद्द्यावर अपील उभे होते. अपिलात नव्याने साक्षी होत नाहीत. तेच कागद वाचून खालच्या न्यायाधीशाचा निष्कर्ष बरोबर होता का, एवढे तपासतात. निरीक्षणे तीच, निरीक्षक दुसरा. उत्तमला ही रीत पटत होती, आणि गेले दोन महिने रोज एकट्यासाठी स्टोव्ह पेटवताना त्याला तेवढाच आधार होता.

तो छिंदवाड्याला गेला. बाबूने नोंदवही दाखवली: कार्ड पंचवीस जुलैलाच रवाना. सौसरच्या पोस्टात असे कार्ड आलेच नव्हते. आपण कार्डावर काय लिहिले हे त्याला आठवेना. खिडकीपाशी उभ्याउभ्या, न थांबता लिहिले, एवढेच आठवत होते.

रविवारी तो पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसला. कुलूप उघडायला वेळ लागला, तोवर शेजारच्या देवकाबाई ओट्यावर आल्या.

"आले का मास्तर? बाई नाई आली संगं?"

"नाही."

"दोन वर्सानं दार उघडून राह्यले. आता उंदराईलेच इचारा खुशाली. पोस्टमन इचारे, इथं कोनी राह्यते का? म्या म्हटलं, टाक फटीतून, नाव त मास्तरचंच हाय."

कार्ड उंबऱ्याच्या आत धुळीत पडले होते. पांढुर्ण्याचा शिक्का अठ्ठावीस जुलैचा. पत्ता स्वच्छ, पिनकोडासह, त्याच्याच अक्षरात. कोपऱ्यात दोन कप उपडे होते. गुंडाळलेल्या गादीवर बसून त्याने परतीच्या बसची वेळ होऊ दिली.

भगवंतरावांनी कार्ड पाहिले आणि डोक्याला हात लावला. "हे लिहिलं तर आपलं अपील आपणच कापून राहिलो, गुरुजी! घर मोडलं नाही म्हणून तर भांडून राहिलो आपण."

"उशीर कशामुळं झाला, हेच विचारलं आहे ना?"

"हो, पण..."

उत्तमने कागद ओढून शपथपत्राचा मजकूर स्वतःच लिहिला: 'नक्कल तयार झाल्याचे कार्ड २८ जुलैला पांढुर्ण्याच्या घरी पोचले. तो पत्ता मी स्वतः दिला होता. त्या घरात दोन वर्षांपासून कोणी राहत नाही.'