आठ ग्लास पाणी

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात आमी बावीस जणी कडा शिवायला बसतो, आन् संडास एकच. त्याला कडी न्हाय, नळ न्हाय. दारातच वास डोळ्यांत जातो, आत पाय टाकला की चप्पल फरशीला चिकटती, आन् भिंतीवर अळ्या वळवळत असतात. म्हणून सकाळी आठपासनं संध्याकाळी सहापर्यंत आमच्यातलं कुणीच पाणी पीत न्हाय. नवीन बाई आली की मशीन दाखवायच्या आधी आमी तिला हेच शिकवतो.

गेल्या महिन्यात आमच्यातली नागूबाई नुसती स्टुलावरनं उतरताना पडली आन् तिचं मनगट मोडलं. मग मालकानं आमा सगळ्यांची हाडं तपासायला एका डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी भिंतीवर हाडांचं चित्र लावलं आन् म्हणाल्या, "हाडांतसुद्धा पाणी असतं. तुम्ही दिवसभर पाणीच पीत नाही. आळस सोडा, रोज आठ ग्लास प्या."

आळस म्हणे. तोंडाशी आलेली शिवी मी गिळली.

तपासणी सुरू व्हायच्या आधी बाईंनी विचारलं, "बाथरूम कुठंय?" मी बोट दाखवलं. त्या गेल्या आन् तशाच माघारी आल्या, ओढणी नाकाला दाबून, ओकारी आवरत.

मी मालकाच्या टेबलावरची गार बाटली उघडून त्यांच्यापुढं धरली. "घ्या की बाई. हाडांना चांगलं असतं."

त्यांनी बाटलीकडं बघितलं, मग घड्याळाकडं.

"नको," त्या हळूच म्हणाल्या, "मला अजून तीन तास इथंच थांबायचंय."