जिलानी सरांचा फळा आणि रिकाम्या जागा

मी एक जुना लाकडी फळा आहे. जिन्याखाली मोडक्या बाकांशेजारी पडलोय म्हणून मला मुका समजू नका, मित्रांनो. माझं इंग्रजी अजून शाबूत आहे!

मुरुडच्या संगप्पा सुताराने मला सागाच्या फळ्या जोडून घडवलं. जुन्या सेलमधली काळी पूड फासून जिलानी सरांनी मला काळाकुळकुळीत केलं आणि औशाकडच्या एका खेड्यात, पत्र्याच्या खोलीत टांगलं. तिथे ते इंग्रजीची शिकवणी घेत. माझ्यावर वाक्यं लिहायची, प्रत्येकात एक जागा रिकामी ठेवायची आणि खाली चार शब्द द्यायचे. त्यांतला योग्य शब्द पोरांनी निवडायचा. पोरं अडली की सर म्हणत, "अरे, चुकीला मार्क कापत न्हाईत. येत नसंल तर ठोकून द्या, पण जागा रिकामी सोडायची न्हाई!"

या ठोकण्यात शिवगंगा मोठी पटाईत. दहावीतली पोर, पण तिची एकही जागा कधी कोरी राहिली नाही. सर तिला शाबासकी देत, तेव्हा मीसुद्धा उगाच फुशारून जाई.

मग त्र्याण्णव साली भूकंप झाला. दगडमातीची घरं बघता बघता खाली बसली. आमची खोली पत्र्याची, म्हणून मी वाचलो. ते दृश्य आठवलं की आजही माझ्या खिळ्यांना कापरं भरतं.

दुसऱ्या दिवशी शिवगंगाची आई, बसम्मा, ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. तिला न्यायला काही मिळेना, तेव्हा गावकऱ्यांनी मला भिंतीवरून उतरवलं, तिला माझ्यावर निजवलं आणि मदतीच्या तंबूकडे धावले. शेवटच्या तासाची वाक्यं अजून माझ्यावर होती. तिच्या पाठीखाली ती पुसली गेली.

तंबूतला डॉक्टर दूरच्या मुलखातला, त्याला मराठी येईना. लोकांनी शिवगंगाला पुढे केलं. "हिला इचारा साहेब, इंग्रजीत पहिला नंबर हाय पोरीचा!"

डॉक्टरने घाईघाईत इंग्रजीत विचारलं, आईच्या पायांना स्पर्श कळतो का? मला प्रश्न कळला. शिवगंगाला कळला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, पण या प्रश्नाखाली चार शब्द नव्हते. डॉक्टरने पुन्हा विचारलं.

"येस," शिवगंगा म्हणाली.

मी हादरलो! पाठीचा कणा शाबूत आहे, हलवलं तरी चालेल, असं समजून डॉक्टर पुढच्या जखमीकडे वळला. बाहेर शंभर माणसं कण्हत होती, त्याला तरी दोष कसा द्यावा? जागा मोकळी करायला दोघांनी बसम्माला काखेत धरून उठवून बसवलं. तिने फोडलेली किंकाळी मी आजवर विसरलो नाही.

दुपारी जिलानी सर मुरुडच्या आपल्या घरून धावत आले. सगळं ऐकून ते पांढरेफटक पडले. "अगं, कळलं नव्हतं तर येस का म्हणालीस?"

"सर, तुमीच सांगितलं ना, जागा रिकामी सोडायची न्हाई म्हणून."

बसम्मा जगली, पण पुन्हा चालली नाही. कंबर ढिगाऱ्यातच मोडली होती की त्या उठवण्याने, हे कोणालाच सांगता आलं नाही. त्यानंतर सरांनी माझ्यावर खडू टेकवला नाही.

पुढे सरांचा पुतण्या अकरम याने लातुरात क्लास काढला आणि काकांची आठवण म्हणून मला इथे आणलं. आता वर चकचकीत पांढरे फळे आहेत, माइक आहे, गावोगावची पोरं आहेत. परवा माइकवरून अकरमचा आवाज आला, "एक बी जागा रिकामी सोडायची न्हाई! ठोका!" माझ्या अंगावर काटाच आला.

तेवढ्यात जिन्याजवळ एक बाई जागच्या जागी थिजली. केस पिकले होते, तरी मी ओळखलं. शिवगंगा! लेकीचं नाव घालायला आली होती. तिने माझ्या कडेवरून हात फिरवला आणि लेकीला जवळ ओढलं.

"तनुजा, पेपरात ठोक बाई. पण माणूस इचारत असंल अन् तुला उमगलं नसंल, तर 'कळलं न्हाई' म्हणायचं. लाजायचं न्हाई."

मित्रांनो, माझ्यावर हजारो शब्द लिहिले गेले, पण 'कळलं नाही' हे कोणी लिहिलं नाही. तुमच्यापैकी कोणाच्या खिशात खडू असेल, तर या जिन्याखाली या आणि एवढं लिहून जा.