नाव नसलेली मिंगा

आमची मिंगा फोनवरून गायब झाली तेव्हा दोन्या होवितांनी, म्हणजे आमच्या होविताबाईंनी, पहिला संशय माझ्यावरच घेतला. त्या पुकारुमी गावाच्या पाणी मंडळाच्या अध्यक्ष आणि मी त्यांच्या फोनमधला प्रोग्रॅम सांभाळणारी. त्यामुळे फोनमध्ये जे काही बिघडेल ते माझं पाप, असा त्यांचा सरळ हिशेब. सकाळीच कायांबेतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या, टोपी काढून टेबलावर आपटली आणि म्हणाल्या, "नीवेस, कुठे घालवलीस मिंगा?"

"मी कशाला घालवू?"

"मग सुनेच्या नव्या फोनवर ही कोण भवानी येऊन बसली? नाव मिंगाच. पण निळी. उघडल्या उघडल्या विचारते, तुमच्या पाटाचं माप आमच्याकडे पाठवू का. मी म्हटलं, तुझा काय संबंध गं माझ्या पाटाशी?"

मी फोन हातात घेतला. खरंच, आमचा प्रोग्रॅम नव्हताच. त्याच्या जागी व्हेर्तिएन्ते नावाच्या, राजधानी किटोतल्या कंपनीची मिंगा होती, आणि ॲपच्या दुकानातल्या आमच्या जुन्या पानावर एकच ओळ: नावाच्या मालकाने तक्रार केल्यामुळे काढून टाकले आहे. नावाच्या मालकाने! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की हातातला स्क्रूड्रायव्हर मी कुठे ठेवला ते दुपारपर्यंत सापडलं नाही.

मिंगा म्हणजे आमचं इर्जिक. पाट उपसायचा असला की घरटी एक माणूस येतं, कोणी कोणाला मजुरी देत नाही, आणि दुपारी सगळ्यांचं जेवण एकाच लांब कापडावर ओतलं जातं. हे आमच्या खापरपणज्याच्याही आधीपासून चालू आहे. आम्ही काही मित्रांनी आणि पाणी मंडळाच्या लोकांनी मिळून त्यासाठी प्रोग्रॅम लिहिला: पाण्याची पाळी कोणाची, काम कोणत्या दिवशी, कोण आलं, कोण नाही, आणि डोंगरावर पाट सुरू होतो तिथे पाणी किती. वर पारामोवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या गवताळ पठारावर, फोनला रेंज नसते, म्हणून एक फोन शेजारच्या फोनला माहिती देत जातो. तो कोणीही घ्यावा, बदलावा, विकावासुद्धा, असं आम्ही परवान्यात लिहून टाकलं होतं. लिहिणाऱ्यांपैकी कोणी कुठे स्वतःचं नाव घातलं नाही. प्रत्येक बदलाखाली सही एकच, "मिंगा". पाट उपसताना आपण उपसलेल्या चिखलावर कोणी सही करतं का?

सुरुवातीला एकाने सुचवलं होतं की नावाची नोंदणी करून टाकू. पुकारुमीची सभा पोट धरून हसली. मिंगा कोणाच्या नावावर करायची? उद्या म्हणशील ढग माझ्या नावावर करा. विषय तिथेच संपला. मला अजूनही वाटतं की सभेचं बरोबर होतं, कायद्याचं काहीही असो.

पण नाव गेलं म्हणजे नुसतं नाव गेलं नव्हतं. आमच्या पाटाच्या खाली गुलाबाचे मळे आहेत, प्लास्टिकच्या छपरांचे, डोळे दिपतील इतके. वरचे लोक पाणी वाया घालवतात, त्यांचा वाटा कमी करून आम्हाला द्या, असा अर्ज मळेवाल्यांनी पाणी खात्यात केलाच होता. व्हेर्तिएन्तेची गिऱ्हाइकं तेच मळेवाले. पाटात किती पाणी येतं, कोणत्या वेळी कोण आपल्या पाळीचं पाणी वळवून घेत नाही, हे सगळं निळ्या मिंगेतून त्यांच्या टेबलावर गेलं की पुढे आमच्याच मापांनी आमचं पाणी कापलं जाणार. आणि माणसं ती निळी बया फोनमध्ये घेणार होती, कारण तिचं नाव मिंगा होतं. आपल्या मिंगेवर कोण संशय घेतं?

व्हेर्तिएन्तेत हे सगळं बघणारा माणूस एफ्रेन साल्गादो निघाला. माझ्याच वर्गातला. कॉलेजात असताना आमच्याबरोबर पुकारुमीला येऊन फोटो काढून गेलेला. त्याने मला बिस्कोचोच्या दुकानात बोलावलं, ताजे बिस्कोचो, म्हणजे आमची खुसखुशीत बिस्किटं, आणि पानात गुंडाळलेलं चीज मागवलं आणि एकदम जिव्हाळ्यावर आला. इंजिनियरला आमच्याकडे लाडाने इंजे म्हणतात.

"इंजे, रागावू नकोस. कोड तुमचा घेतला हे मी नाकारत नाही. परवान्यातच आहे, घ्या म्हणून."

"कोड घे ना. पोटभर घे. नाव कोणी दिलं तुला?"

"कोणीच नाही. म्हणून तर घेतलं. रस्त्यात पडलं होतं, नीवेस. मी उचललं नसतं तर उद्या एखाद्या परदेशी कंपनीने उचललं असतं. मग काय केलं असतंस?"

"तिलाही हेच विचारलं असतं."

तो हसला. चीजचा दोरा ओढत म्हणाला, "हे बघ, आम्ही तुम्हाला नाव वापरायची परवानगी देतो. लेखी. फक्त आमचं नवं रूप तुमच्या जुन्या फोनांवर जाऊ दे. सगळ्यांचं भलं."

"माझ्या आजीच्या गावाला 'मिंगा' हा शब्द वापरायची परवानगी तू देणार?"

"कायद्याने, हो."

एवढ्या गोड आवाजात बोलला की त्याच्या कॉफीत मीठ घालावंसं वाटलं. मी उठले. बिस्कोचो मात्र कागदात बांधून घेतले. त्यांच्याशी माझं भांडण नव्हतं.

तिथून मी डॉक्टर वास्कोनेसांकडे गेले. आमच्याकडे वकिलाला डॉक्टरच म्हणतात, आणि हे बिचारे बातमीही रोग सांगितल्यासारखी सांगतात. म्हणाले, "आधी नोंदणी त्याची आहे. त्याने वाईट हेतूने केली हे सिद्ध करता येईल, अर्ज मी आजच टाकतो. पण दोनेक वर्षं धरून चाला. तोवर या नावाचा प्रोग्रॅम वाटायचा नाही."

"आणि तोंडाने मिंगा म्हटलं तर तुरुंगात टाकतील का, डॉक्टर?"

"तोंडाला कोण अडवतंय? त्याने वस्तूचं नाव घेतलंय. भाषा नाही विकत घेतली."

मी चिडूनच विचारलं होतं, पण उत्तर ऐकून दारातच थांबले. परत फिरून ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मग दुकानात जाऊन कामाला बसले.

त्या रविवारी पुकारुमीच्या सभेत एफ्रेन स्वतः आला. पांढरा पडदा, प्रोजेक्टर, कोरे करकरीत टी-शर्ट वाटायला. निळी मिंगा दिसायला देखणी होती, खोटं कशाला बोला. पाटाचं चित्र हलायचं, आकाशात ढग यायचे. लोक टी-शर्ट अंगाला लावून बघत होते. दोघाचौघांनी तिथेच फोन पुढे केले. मी उठून मळेवाल्यांचा अर्ज, मापं, सगळं सांगितलं. पण माझ्याकडे ना पडदा, ना ढग. मागून कोणीतरी म्हणालं, "अगं पण नाव तर तेच आहे ना?"

तेवढ्यात दोन्या होविता उभ्या राहिल्या. मला वाटलं आता त्याला धुवून काढतात. पण त्या चक्क हसल्या.

"म्हणजे पोरा, मिंगा तूच?"

"मी म्हणजे कंपनी, दोन्या. नाव आमच्या नावावर आहे."

"कागद आहे?"

"आहे ना." त्याने दाखवला. दोन्यांनी चष्मा लावून शिक्का पाहिला, मान डोलावली.

"छान झालं. आजवर मिंगा कोणाची म्हणून विचारलं तर आम्हाला धड सांगता यायचं नाही. आता मालक मिळाला. पाटाच्या वरच्या तोंडाशी दरड कोसळली आहे, ती शनिवारी काढायची. सकाळी सहाला ये. कंपनीत माणसं किती?"

"आं? नाही, म्हणजे... आम्ही सेवा देतो, दोन्या."

"मिंगेत सेवा देत नाहीत, पोरा. चिखल काढतात. सेक्रेतारियो, लिहा: व्हेर्तिएन्ते. घर एक, माणूस एक. सवलत द्या, नवीन आहेत."

सभेत हसू फुटलं. एफ्रेनही हसला, त्याला वाटलं गंमत आहे. पण सेक्रेतारियोंनी, म्हणजे मंडळाच्या चिटणीसांनी, खरंच वहीत लिहिलं, आणि मग कोणी हसलं नाही. टी-शर्ट अंगाला लावलेल्या माणसांनी ते हळूच खाली ठेवले. एफ्रेनने पडदा गुंडाळताना मला हळूच विचारलं, "हे लोक सीरियस आहेत का?" मी म्हटलं, "येऊन बघ."

शनिवारी धुकं होतं. वारा असा की बोलताना शब्द तोंडातून उडून जावेत. सेक्रेतारियो दगडावर उभे राहून हजेरी घेत होते. फारिनांगो. आहे. इम्बागो. आहे. लांचिम्बा, म्हणजे दोन्यांचं घर. आहे. शेवटी त्यांनी घसा साफ केला आणि पुकारलं, "व्हेर्तिएन्ते, मिंगेचे मालक."

सगळ्यांनी खाली रस्त्याकडे पाहिलं. गाडी नाही, माणूस नाही. सेक्रेतारियोंनी दुसऱ्यांदा पुकारलं, मग तिसऱ्यांदा, नियमाप्रमाणे.

"गैरहजर," दोन्या म्हणाल्या. "उचला फावडी."

पुढचं कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. सभेत मागून बोलला होता तोच माणूस, सेगुंदो इम्बागो, चिखलाच्या हातांनी फोन काढून माझ्याकडे आला. "ही निळी काढ आधी. जी कामाला येत नाही तिला पाटाचं माप कशाला?"

दुपारी कापड पसरलं. उकडलेले मक्याचे दाणे, बाकल्याच्या शेंगा, बटाटे, कोणाकडचं खारं मटण. जेवता जेवता मी माझं नवं काम पुढे केलं. प्रोग्रॅम तोच, पण त्याला नाव नव्हतं. चिन्हाच्या जागी तपकिरी चौकोन, त्याखाली काहीच नाही. तो ॲपच्या दुकानातून घ्यायचाच नव्हता; एका फोनवरून शेजारच्या फोनवर, बटाट्याचं पातेलं पुढे सरकवावं तसा तो कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. शेजारच्या गावांच्या मिंगा आल्या तसा त्यांच्याकडेही गेला.

"पण याला म्हणायचं काय?" सेगुंदोने विचारलं.

"काही म्हणू नका. उघडलात की कळेल."

पहिल्या पानावर, पडदाभर अक्षरांत, एवढंच यायचं: कामाचा दिवस आणि त्यासोबत गावाचं बोलावणं.

महिनाभराने एफ्रेनचा फोन आला. दोन्या माझ्या दुकानात चार्जर बदलून घ्यायला आल्या होत्या, मी आवाज मोठा केला. त्याचा जिव्हाळा आता आटला होता. निळ्या मिंगेत आमच्या बाजूच्या एकाही पाटाचं माप येत नव्हतं, आणि त्याच्या साहेबांनी त्याला त्याबद्दल विचारलं असणार.

"नीवेस, तुला सरळ सांगतो. आमचं नाव तू अजून वापरतेस. कंपनी दावा लावणार आहे."

"माझ्या प्रोग्रॅमला नावच नाही."

"पहिल्याच पानावर मिंगा लिहिलंय! माझ्याकडे फोटो आहे."

"फोटो समोर आहे? मग वाच बरं पूर्ण ओळ."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"वाच ना. न्यायाधीशासमोर वाचावीच लागेल."

"'उद्या मिंगा आहे.'" त्याने ओठातल्या ओठात वाचलं.

"हे बोलावणं आहे, एफ्रेन. ते बंद करायचं तर कोर्टाला लिहून द्यावं लागेल की पुकारुमीने आपल्या माणसांना कामावर बोलवायचं नाही. लाव दावा. मला ते वाक्य न्यायाधीशाच्या तोंडून ऐकायचंय. मी सगळ्या गावाला घेऊन येईन ऐकायला."

दोन्या होवितांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि पाटाच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "पोरा, मागच्या वेळची तुझी गैरहजेरी लागली आहे. उद्या दोन माणसांचं काम करावं लागेल. येताना फावडं आण, आमच्याकडे जास्तीचं नाही."