मुदतवाढ

मुक्ता माझी धाकटी जाऊ. चिकलठाण्यात आमच्या खोल्यांची भिंत एकच, त्यामुळे तिच्याकडचं कौतुक मला ऐकावंच लागतं. तिची श्रेया माझ्या सत्यमपेक्षा दोन महिन्यांनी लहान, पण चालायला लागली आधी, बोलायला लागली आधी. मी जळायचे. खोटं कशाला बोलू?

दोघांची पहिलीची वेळ आली. हमरस्त्यावरच्या इंग्रजी शाळेत आरटीईच्या फुकट जागा असतात. ऑनलाइन फॉर्म भरायचा, मग सोडत. नाव निघालं नाही तर गल्लीमागची महापालिकेची शाळा आहेच. मी कुणाला न सांगता सत्यमचा फॉर्म भरून आले. शेवटची तारीख उलटली आणि दुसऱ्या दिवशी मुक्ता कागद घेऊन दारात.

"ताई, उत्पन्नाचा दाखला आजच हाती आला. भरता यील का आता?"

आरटीईला मुदतवाढ मिळाली नाही असं वर्ष मला तरी आठवत नाही. याही वेळी आठ दिवस वाढल्याचा मेसेज सकाळीच माझ्या मोबाइलवर आला होता. पण श्रेयाचं नाव निघालं आणि सत्यमचं राहिलं तर? 

"तारीख गेली गं," मी म्हणाले.

तिनं ते खरं मानलं. मोठ्या जावेवर विश्वास ठेवायची तिला सवय.

सत्यमचा नंबर लागला. मी गल्लीभर पेढे वाटले, तिच्या घरी दोन जास्तच दिले. श्रेया गेली महापालिकेच्या शाळेत.

दिवाळीपर्यंत माझी जिरली. गृहपाठ सगळा इंग्रजीत. तो ना मला कळे, ना त्याच्या बापाला. सत्यम वर्गात तोंडच उघडत नाही, असं मॅडमनी सांगितलं. दिवसभर वटवट करणारं पोरगं माझं, आता घरीही गप्प.

परवा आम्ही कपडे घ्यायला क्रांती चौकात गेलो. रिक्षातून उतरल्यापासून श्रेया दुकानांच्या पाट्या वाचत सुटली, मधूनच इंग्रजीसुद्धा. दुकानदारानं तिला शाबासकी दिली आणि सत्यमला विचारलं, "बेटा, तू कौनसी स्कूल में है?" सत्यम माझ्या मागं लपला. माझ्या अंगाचा नुसता जळफळाट झाला.

"लई बरं झालं ताई, तुमी तवा तारीख गेली म्हनून सांगितलं," मुक्ता म्हणाली. "नायतर मी बी हिला तिकडंच घातलं असतं."

टोमणा मारणं तिच्या स्वभावातच नाही. म्हणून तर जास्त लागलं.

"तुमच्या शाळेत मधेच घेतात का गं?" मी विचारलं.

"व्हय की. सोमवारीच आना त्याला. आमची श्रेया घेईल सांभाळून."

आमची श्रेया. माझ्या पोराला सांभाळून घेणार.

"बघू," मी म्हणाले.

सोमवारी सत्यमला पुन्हा त्याच इंग्रजी शाळेत सोडून आले. फाटकापर्यंत तो एक शब्द बोलला नाही.