माझी तार कुणी काढली?

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी नाल आहे. घोड्याचा नव्हे, होडीचा. आपली कहाणी सांगताना आवाज मऊ ठेवावा असं म्हणतात, पण ते माझ्याच्याने होणार नाही. मी आजही रागावलेलो आहे. माझ्यावर खोटेपणाचा आळ आला होता, तोही भर बैठकीत, आणि मला तोंड नसल्यामुळे तो मी गुमान ऐकून घेतला.

माझा जन्म मुंबईच्या गोदीजवळच्या एका भट्टीत झाला. लाल तापलेली सळई ठोकून वाकवली, तिच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली आणि त्यांतून आरपार जाणारी एक आट्यांची पिन मला दिली. पिन आवळली की मी बंद, उलटी फिरवली की मी उघडा. साहेब लोक मला शॅकल म्हणायचे. अकोले तालुक्यात आलो तेव्हा घोड्याच्या नालासारखा दिसतो म्हणून लोकांनी मला नाल करून टाकलं. ते नाव मला आवडलं.

भंडारदऱ्याच्या धरणावर एका हौशी साहेबाने शिडाची होडी आणली होती, तिच्याबरोबर मी आलो. साहेबाची बदली झाली तेव्हा त्याने ती पाण्यापलीकडच्या वाडीला देऊन टाकली. वाडीला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! तिथून शेंडी गावच्या बाजाराला जायचं तर डोंगराला वळसा घालावा लागे आणि अख्खा दिवस मोडे. आता तांदळाची पोती, कोंबड्यांच्या पाट्या, तापाने फणफणलेली माणसं, माहेरी निघालेल्या लेकी, सगळी आमच्या नावेतून जाऊ लागली. वाडीतल्या भिमाजीला साहेबाने शीड हाकायला शिकवलं होतं. तो नावाडी झाला.

आता माझं काम ऐका. डोलकाठी आपल्या पायावर उभी राहत नाही. दोन्ही बाजूंनी लोखंडी दोर तिला ताणून धरतात, म्हणून ती उभी असते. त्यातला डावा दोर होडीच्या काठाला मी धरून ठेवतो. वारा भरला की शीड फडफडतं, दोर थरथरतो, मी हलतो आणि माझ्याबरोबर पिनही हलते. हलता हलता तिचे आटे केसाकेसाने उलटे फिरू लागतात. यात माझा काय दोष? आटे असलेल्या प्रत्येक वस्तूचा हाच स्वभाव आहे. म्हणून तर पिनेच्या डोक्याला एक बारीक भोक असतं. त्यातून तार ओवायची, ती माझ्या अंगाला वेढून घ्यायची आणि टोकांना पीळ मारायचा. मग पिनेला फिरायला जागाच उरत नाही.

भिमाजी रोज सकाळी नाव सोडण्याआधी ती तार अंगठ्याने चाचपून बघायचा. बाकी कुणाचं तिच्याकडे लक्षही नव्हतं. लोक शिडाचं कौतुक करायचे, डोलकाठीची उंची पोरांना दाखवायचे. तार बिचारी गंजून काळवंडली होती. तिचं टोक एखादीच्या लुगड्यात अडकायचं आणि तार शिव्या खायची. पण माझी पिन तिने कधी तसूभर हलू दिली नाही.

मग बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघरी अवजारं घासूनपुसून पूजेला मांडतात. भिमाजीची बायको बनुबाई मोठी उरकाची. विळे, कोयते, नांगराचा फाळ चकाचक करून ती काठावर नावेकडे आली, आणि चिंच-राख घेऊन माझ्यापाशी बसली.

"ह्यो गंज देवाम्होरं कसा ठेवायचा?" असं म्हणून तिने पीळ सोडवला आणि तार काढून कनवटीला खोचली.

मित्रांनो, मी मनातल्या मनात किती ओरडलो! तिने मला घासलं, धुतलं, आणि माझ्या आट्यांना भरपूर खुरासणीचं तेल चोळलं. आधीच पिनेला आवरणारं कुणी नाही, त्यात तिची वाट अशी गुळगुळीत करून दिली! मग तिने पिन हाताने आवळली, वर लाल दोरा बांधला, झेंडूची माळ घातली आणि हळदीकुंकू वाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझी पूजा झाली, आणि त्या पूजेतच माझा घात झाला. तिच्या मनात पाप नव्हतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर संताप कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. भिमाजी आला, सवयीने वाकला, अंगठा पुढे केला, आणि झेंडूची माळ पाहून थांबला. पूजेचा दोरा तोडून आत चाचपायचं त्याच्या जिवावर आलं.

"पुजलेलं हाय, आता हात न्हाई लावायचा," असं म्हणून त्याने मला नमस्कार केला आणि शीड चढवलं.

अरे, नमस्कार कसला करतोस, तार बघ! पण माझं ऐकतो कोण?

नावेत शेंडीच्या देवळाला निघालेली माणसं दाटीने बसली होती. म्हाताऱ्या राहीबाईच्या मांडीवर आपट्याच्या पानांची पाटी होती. पाण्याच्या मध्यावर आलो आणि खिंडीतून वारा सुटला. शीड फडफडू लागलं. माझी पिन फिरू लागली. लाल दोरा पहिल्याच हिसक्याला तुटला. मी जिवाच्या आकांताने आवळून धरू पाहत होतो, पण तेलकट आट्यांत धरायला काही नव्हतंच. पिन निसटून नावेच्या बुडाशी पडली आणि डोलकाठी कडाडून खाली आली. भिमाजीने राहीबाईला बाजूला ढकललं, आणि काठी त्याच्या खांद्यावर बसली. नाव कलंडली, पाणी आत आलं. बायामाणसं पूजेच्या तांब्यांनी पाणी उपसू लागली, गड्यांनी फळ्या वल्ह्यासारख्या मारल्या. जीव कुणाचा गेला नाही, ही देवाची कृपा. मागे पाण्यावर दूरपर्यंत दसऱ्याचं सोनं तरंगत होतं.

भिमाजीने मला आणि पिनेला घरी आणून कोनाड्यात ठेवलं. तार तुटून पाण्यात गेली असणार, असाच त्याचा समज झाला होता. आपल्याच हाताचा पीळ कच्चा राहिला म्हणून तो खांदा बांधून खाली मान घालून बसायचा.

चार दिवसांनी त्याच्या ओट्यावर वाडीची बैठक बसली. भिमाजीचे चुलते काकासाहेब वाडीत वडीलधारे, त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी मला कोनाड्यातून काढून सगळ्यांना दाखवलं.

"बघा ह्यो नाल! लोखंडच खोटं. दसऱ्याच्या दिशी दगा दिला, म्हंजी अपशकुनी बी हाय. नाव मोडा आन् फळ्या वाटून घ्या. भिमाजीच्या हाती मान्सं पुन्हा द्यायची न्हाईत."

खोटं लोखंड! अपशकुनी! मी जर बोलू शकलो असतो तर काकासाहेबांची काही खैर नव्हती. ज्या माणसाने स्वतःचा खांदा मोडून म्हातारीला वाचवलं, त्याची नाव त्याच्यादेखत मोडायला निघाले होते, आणि बाकीची मंडळी माना डोलावत होती.

तेवढ्यात धरणावरून वारा आला. दारावरचं दसऱ्याचं तोरण जोरात हलू लागलं. झेंडू वाळून गळत होते, पण तोरण काही पडेना. बनुबाई दारात उभी होती. तिने वर पाहिलं आणि पाहतच राहिली. तोरण तिने ज्या तारेने बांधलं होतं, ती माझी तार होती!

बनुबाईने टाचा उंचावून पीळ सोडवला. डोक्यावरचा पदर सारखा करून ती पुढे आली आणि तार तिने चुलतसासऱ्यांसमोर ठेवली.

"मामंजी, नालाला बोल लावू नगा आन् ह्यांना बी लावू नगा. ही तार मीच काढली. तिचं काय काम हुतं, मला ठावं न्हवतं."

भिमाजीने तार उचलली. तिची दोन्ही टोकं शाबूत होती, म्हणजे त्याचा पीळ कच्चा नव्हताच. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला रडू फुटायचं बाकी राहिलं.

"येवढीशी तार काय धरनार, सूनबाई?" काकासाहेब हसले.

भिमाजी वाद घालत बसला नाही. काकासाहेबांची म्हैस मोठी खोडकर होती, दिवसभर मान झटकायची. त्याने मला तिच्या साखळीत घातलं, पिन आवळली, तार मात्र लावली नाही. दुपार कलायच्या आत पिन खाली आणि म्हैस काकासाहेबांच्या परसातल्या मेथीत! मग त्याने मला पुन्हा तिथेच बसवलं, या वेळी तार ओवून, पीळ मारून. म्हशीने दोन दिवस मान आपटली, शिंगं घासली, शेवटी थकून रवंथ करत बसली. पिन होती तिथेच होती.

नाव मोडली नाही. खांदा बरा झाल्यावर भिमाजीनेच ती पुन्हा पाण्यात लोटली. पुढच्या खंडेनवमीला बनुबाईने पिनेत आधी कोरी तार ओवून घेतली आणि कुंकवाचं पहिलं बोट तिलाच लावलं. माझ्या मनाला जरासं लागलं, खोटं कशाला बोलू? पण मान तिचाच होता.

मित्रांनो, वस्तू घासा, पुसा, हौसेने त्यांची पूजा करा. पण त्यांना बिलगून असलेलं काही कळकट दिसलं तर ते ओढून टाकण्याआधी कुणाला तरी विचारा की हे इथे कशासाठी आहे. आणि काही पडलं, मोडलं, तर मुक्या वस्तूला खोटं म्हणण्याआधी तिला काय झालं ते नीट बघा.

काकासाहेबांनी माझी माफी अजूनही मागितलेली नाही. पण नावेत पाय ठेवला की ते आधी माझ्याकडे येतात, वाकून अंगठ्याने तार चाचपतात आणि मगच बसतात. परवा असंच वाकताना तारेचं टोक त्यांच्या नव्या धोतरात अडकलं आणि धोतर टरकन फाटलं. सगळी नाव श्वास रोखून बघत होती. काकासाहेबांनी हळूच धोतर सोडवून घेतलं, तारेचा पीळ पुन्हा दाबून बसवला, आणि मगच जागेवर जाऊन बसले.