काढून ठेवलेला रिसीव्हर

मी एक जुना काळा टेलिफोन आहे. गोल तबकडीचा, जड रिसीव्हरचा. आर्वीतल्या एका घराच्या माळ्यावर फुटक्या कुकरला टेकून पडलेला असतो. मित्रांनो, जुन्या वस्तू गोष्ट सांगायला बसल्या की आपलं कौतुक आधी सांगतात. मला ते जमणार नाही. माझ्यामुळे एका मुलीचं एक वर्ष गेलं, आणि त्यात माझा किती दोष होता ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. १९९३ साली मी आर्वीला भैयाजींच्या घरी आलो. त्यांचं किराणा दुकान. फोनसाठी त्यांनी सहा वर्षं वाट पाहिली होती, म्हणून मी आलो त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, कोकिळाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं आणि गल्लीत पेढे वाटले. तेव्हा साऱ्या गल्लीत मी एकटाच फोन. लोक अर्जांवर, लग्नाच्या पत्रिकांवर माझाच नंबर देत आणि पुढे पी.पी. लिहीत. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, पण निरोप यांना द्या. मी वाजलो की कोकिळाबाई ओट्यावरून हाक मारत आणि माणसं हातातलं काम टाकून धावत येत. मुलगा झाला, नोकरी लागली, कोणी गेलं, सगळं आधी माझ्या कानात पडायचं. मला थोडा ताठाही आला होता, खोटं कशाला बोलू?

रोशनी त्याच गल्लीच्या टोकाला राहायची. हरिदास आणि सीताबाई यांची मुलगी. दहावी झाली आणि सीताबाईंना लकवा मारला. आईचं सगळं अंथरुणातच, म्हणून रोशनीची शाळा तिथंच थांबली. पुढे वडील आईकडे पाहू लागले आणि ती एका खाजगी दवाखान्यात आया म्हणून लागली. सहा वर्षांत ती सलाईन सांभाळायला शिकली, जखमा बांधायला शिकली. बाळंतिणी तिला सिस्टर म्हणत. पण नर्सिंगला जायचं तर बारावी पाहिजे, आणि तिच्याजवळ बारावी नव्हती.

तिथल्या डॉक्टरीणबाईंची बहीण इंग्लंडमध्ये होती. तिनं कळवलं की तिकडच्या एका कॉलेजात शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी एक वेगळी वाट आहे. आधी एक वर्षाचा तयारीचा अभ्यास, मग तीन वर्षांची नर्सिंगची डिग्री. बारावीऐवजी ते कामाचा अनुभव पाहतात, एक निबंध मागतात आणि शेवटी फोनवर मुलाखत घेतात. फीसाठी कॉलेजचाच एक निधी होता. रोशनीनं अर्ज भरला. फोन नंबराच्या रकान्यात माझा नंबर लिहिला, पुढे पी.पी.

तिला इंग्रजी शिकवायची ज्योत्स्ना, भैयाजींची सून. वर्ध्याच्या कॉलेजातली बी.ए., आणि सात महिन्यांच्या निकेशची आई. निकेश शिंकला तरी ती दचकायची. रात्रीतून चारदा उठून त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहायची. रोशनी यायची, माझा रिसीव्हर कानाला लावायची आणि दुसऱ्या हातानं माझी बटणं दाबून ठेवायची, म्हणजे लाइन बंद. मग ज्योत्स्ना साहेबीण व्हायची.

"व्हाय डू यू वाँट टू बी अ नर्स?"

"बिकॉज... वहिनी, मले हसू येऊन राह्यलं!"

"हसजो तिकडं जाऊन. बोल आधी."

"बिकॉज आय ॲम ऑलरेडी नर्स, ओन्ली पेपर इज नॉट देअर."

"अशी बोलशील तर फोन ठेवून देतीन ते!"

"ठेवू दे. खरं हाये ते!"

दोघी खुदखुदून हसायच्या. मलाही वाटायचं, ही पास होणार.

१९९९ च्या जुलैची सहा तारीख ठरली. पत्रात लिहिलं होतं, सकाळी दहाला फोन करू. म्हणजे तिकडचे दहा. ज्योत्स्नानं जुनं भूगोलाचं पुस्तक काढलं. आपल्यात आणि त्यांच्यात साडेपाच तासांचा फरक. दहा अधिक साडेपाच म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. तिनं ते कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलं. कोणालाच शंका आली नाही. बी.ए. झालेल्या सुनेचा हिशोब कोण तपासणार?

आता एक सवय सांगतो. निकेश दुपारी दीडला झोपायचा. माझी घंटा कर्कश. एकदा ती ऐकून तो इतका रडला की निळा पडला. तेव्हापासून ज्योत्स्ना त्याला निजवताना माझा रिसीव्हर काढून उशीवर ठेवायची आणि तो उठला की परत जागेवर. सासूला हे ठाऊक नव्हतं, ती आतल्या खोलीत झोपलेली असायची. आणि मित्रांनो, मलाही ते आवडायचं. दिवसभर वाजून वाजून मी दमायचो. तेवढा वेळ कोणी माझा नसे, मी कोणाचा नसे.

सहा जुलैलाही तसंच झालं. दीडला रिसीव्हर उशीवर, तीनला जागेवर. सव्वातीनला रोशनी आली. पांढरा सलवार-कमीज, केसांना तेल. फोनवर दिसत नाही हे माहीत असूनही ती तयार होऊन आली होती. साडेतीन वाजले. चार वाजले. तिनं दोनदा रिसीव्हर उचलून आवाज येतो का पाहिलं. येत होता. सहाला ती उठली.

"जातो मी वहिनी. मायची औषधाची वेळ झाली."

दोन आठवड्यांनी पत्र आलं. ती ते घेऊन धावतच आली आणि माझ्यासमोर उभी राहून वाचू लागली. आम्ही दहा वाजता, म्हणजे तुमच्या अडीच वाजता, तीनदा फोन केला.

"अडीच? वहिनी, आपण तं साडेतीन काढले होते!"

उन्हाळ्यात तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात, हे भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं. ती पुढे वाचत गेली. तिन्ही वेळा तुमचा फोन एंगेज होता. यंदाची जागा आम्ही ऑगस्टच्या दहा तारखेपर्यंत राखून ठेवू. अडचण काय आली ते फोन ज्यांचा आहे त्यांच्याकडून लेखी कळवा.

"टाइमाचं जाऊ द्या. पण एंगेज काऊन? अडीचले कोन बोलत होतं?"

ज्योत्स्नानं निकेशला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"हा डब्बाच खराब आहे," कोकिळाबाई म्हणाल्या. "आम्ही काय लिहून देणार? टेलिफोन ऑफिसात जा, लिहून घे लाइन खराब होती म्हणून."

रोशनी गेली. तिथला बाबू म्हणाला, "तक्रार नाही, काही नाही. लाइन बराबर होती. आम्ही खोटं काऊन लिहून देऊ?" ती परत आली तेव्हा मला वाटलं, आता ज्योत्स्ना सांगेल. तिचे ओठ हललेही. पण सासू समोर होती, सासरे दुकानातून आले होते. ती स्वयंपाकघरात गेली. घरातल्या सगळ्यांनी मलाच दोष दिला. मला तो कमीच वाटला.

रोशनी टेलिफोन ऑफिसात जात राहिली, आणि दहा ऑगस्ट उलटला. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी निकेशला ताप चढला, एकशे तीन. ज्योत्स्नाला थर्मामीटर धरवेना. रोशनीला बोलावलं. ती अडीच तास त्याच्याजवळ बसली. पाण्याच्या पट्ट्या बदलत, पाठ पुसत, मधूनच चमच्यानं पाणी पाजत. ताप उतरू लागला तेव्हा ज्योत्स्ना भिंतीला टेकून खाली बसली.

"रोशनी, त्या दिवशी रिसीव्हर मी काढून ठेवला होता. हा झोपला होता म्हणून."

रोशनीनं पट्टी पिळली, नीट घडी करून कपाळावर ठेवली.

"लेटर आलं तवा मालूम होतं तुमाले?"

"हो."

"टाइमाची चूक झाली, माफ. रिसीव्हर काढला, लेकरासाठी काढला, तेई माफ. पन महिनाभर मी टेलिफोन ऑफिसाच्या चकरा मारून राह्यली होती वहिनी. तुमची एक चिठ्ठी पायजे होती. एक!"

ज्योत्स्ना रडू लागली.

"रडू नका. पोरगं उठन." रोशनीनं हात धुतले. "दर घंट्याले ताप पाहजो. वाढला तं मले बोलवा." आणि ती गेली. नंतर किती तरी महिने ती या घराची पायरी चढली नाही.

त्याच संध्याकाळी ज्योत्स्नानं सासू-सासऱ्यांसमोर सगळं सांगितलं आणि कॉलेजला दोन पानी पत्र लिहिलं. चूक माझी आहे, रोशनीची नाही, असं तिनं पहिल्याच ओळीत लिहिलं. उत्तर आलं. जागा गेली होती. मात्र पुढच्या वर्षी नवा अर्ज न मागता मुलाखत घेऊ, असं त्यांनी लिहिलं होतं.

ती मुलाखत २००० च्या मे महिन्यात झाली. आदल्या दिवशी रोशनी दारात आली.

"उद्या तुमी या वहिनी. तुमी असाल तं भेव नाई लागत मले. पन फोन मी एस.टी. स्टँडवरच्या बूथवर घेतो. नंबर तिथलाच देल्ला हाये."

"बराबर केलंस," ज्योत्स्ना म्हणाली.

बरोबरच केलं होतं तिनं. त्या दुपारी ज्योत्स्ना निकेशला कडेवर घेऊन गेली. रिसीव्हर जागेवर होता, सासू आतल्या खोलीत झोपलेली होती. मी इतका जागा कधीच नव्हतो, आणि मला कोणीही फोन केला नाही. ती परतली ती थेट सासूकडे गेली. "घेतलं तिले! सप्टेंबरात जायचं म्हणे." मी ते ऐकलं. ते माझ्यातून यायला हवं होतं, हे काही माझ्या मनातून गेलं नाही.

पुढे गल्लीत घरोघरी फोन आले, मग खिशात आले. मला माळ्यावर चढवलं. त्याचं दुःख नाही. माझी वायर उंदरांनी कुरतडली, त्याचंही नाही.

मित्रांनो, वस्तू जपा असं सांगायला मी बसलो नाही. दुसऱ्याचा निरोप तुमच्या दारातून जाणार असेल तर तो जपा. आणि हातून चूक झालीच, तर ती ज्याला भोवली त्याला त्याच दिवशी सांगा, घरातले काय म्हणतील याची वाट न पाहता. आयुष्यभर माझ्यातून दुसरेच बोलले. मला सांगता आलं असतं तर मी पत्र आलं त्याच क्षणी ओरडलो असतो. तुम्हाला सांगता येतं.