फळ्यावर पहिलं नाव वडगावचं

मी एक जुना फळा आहे. युसूफ वडगावच्या बसथांब्यासमोर आप्पारावांचं चहाचं हॉटेल आहे, त्याच्या दर्शनी भिंतीवर मी टांगलेला असतो. माझा डावा कोपरा उडाला आहे आणि मधोमध एक चीर गेली आहे. तरीही मित्रांनो, आज मी जरा ताठ्यातच बोलणार आहे. ज्याच्या गळ्यात माजलगावच्या भरल्या मैदानात झेंडूचा हार पडला, त्याने ताठा दाखवायचा नाही तर कोणी?

माझा जन्म धारूरच्या एका सुताराकडे झाला. चार सागवानी फळ्या जोडून त्याने मला घडवलं आणि बैलगाडीतून वडगावच्या शाळेत पोहोचवलं. चौथीच्या वर्गात माणिकराव गुरुजी शिकवत. दर महिन्याला मुलं कोळसा आणि हिरवा पाला कुटून मला काळं करत, तेव्हा मी नवरदेवासारखा चमकायचो. गुरुजींचा एक दंडक होता. ज्याचं गणित चुकेल त्याने ते स्वतःच्या कोरड्या तळहाताने पुसायचं. कपडा नाही, डस्टर नाही. चूक आपली, तर हातही आपलाच, असं ते म्हणत. त्या वर्गात पंचशीला नावाची एक मुलगी होती. तिचं अक्षर टपोरं होतं आणि चुकली तर ती कोणी सांगायच्या आधीच उठून यायची. मला ती फार आवडायची.

पुढे शाळेत हिरवे, गुळगुळीत फळे आले. मला व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलं. अकरा वर्षं मी चुन्याचे पोपडे मोजले. तेव्हा कोणी माझ्याशी एक शब्दही बोललं नाही, हे मी अजून विसरलेलो नाही. शेवटी आप्पारावांनी मला मागून घेतलं आणि माझ्यावर चहा आणि भज्यांचे भाव लिहिले. भज्यांचे तर भज्यांचे, पण अक्षर होतं! मी हरखून गेलो.

खरे दिवस मात्र व्हॉलीबॉल लीगने दाखवले. जिल्ह्यात लीग सुरू झाली, खेळाडूंना मानधन मिळू लागलं, पाठीवर नावं छापलेले बनियन आले. आमच्या दक्षिण गटात पाच संघ होते: माजलगाव, मांजरसुंबा, धारूर, केज आणि आमचं युसूफ वडगाव. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं आणि पहिल्या दोघांची फायनल माजलगावला. कोणता संघ कितवा येणार, यावर हॉटेलात इतकी भांडणं होऊ लागली की चहा निवून जायचा. तेव्हा आप्पारावांनी भाव पुसले आणि माझे दोन भाग केले. दिवाळीनंतर, पहिला सामना व्हायच्या आधी, दोन जाणकारांनी आपापला अंदाज माझ्यावर नावानिशी लिहायचा. फायनलच्या दिवशी मला टेम्पोत घालून मैदानावर न्यायचं आणि ज्याचा पहिला नंबर चुकला त्याने सगळ्यांसमोर तो तळहाताने पुसायचा. लागोपाठ दोन वर्षं चुकला, तर खडू कायमचा खाली ठेवायचा. गुरुजींचा दंडक असा गावाचा झाला.

उजव्या भागाचे मानकरी होते रामप्रसाद, खत-बियाणांचे दुकानदार. माणूस वाईट नव्हे, पण उंचीचा भारी भोक्ता. खेळाडू पाहिला की आधी त्याची उंची विचारायचे. डावा भाग होता पंचशीलेचा. होय, तीच! आता ती एसटीत कंडक्टर होती. आज केज-माजलगाव, उद्या मांजरसुंबा, अशा फेऱ्या मारताना बसच्या खिडकीतून तिला प्रत्येक गावाचा सराव दिसायचा. तिच्यासारखी व्हॉलीबॉलची वेडी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पण मागच्या वर्षी ती चुकली होती. तिने वडगावला पहिलं लिहिलं आणि वडगाव शेवटचं आलं. यंदा ती पुन्हा चुकली असती, तर खडू गेला असता. वर रामप्रसाद म्हणाले, ताई हरल्या तर हा तडकलेला फळा काढून टाकू, माझा अंदाज रंगीत फ्लेक्सवर छापून लावू. आप्पारावांनीही मान डोलावली. मी सरपणावर झाकण म्हणून बरा आहे, असं ते म्हणाले. मित्रांनो, इतकी वर्षं ज्याच्या भिंतीची शोभा वाढवली त्याने असं म्हणावं? मला फार लागलं ते.

त्या दिवाळीनंतर ड्युटीवरून उतरून पंचशीला तशीच खाकी कपड्यात माझ्यासमोर उभी राहिली. तिने खालून वर लिहायला घेतलं. पाच, केज: दोन चांगले खेळाडू पुण्याला नोकरीला गेले, उरलेल्यांचं आपसात पटत नाही. चार, धारूर: घाट चढून पाय पोलादी झालेत, पण सर्व्हिस जाळीतच अडकते. तीन, मांजरसुंबा: निम्मा संघ ढाब्यावर कामाला, रविवारचा सामना असेल तर जीव अर्धा गिऱ्हाइकात. दोन, माजलगाव: सगळे ताडमाड, नेटच्या वर कंबर दिसते. आणि एक, युसूफ वडगाव. त्यापुढे तिने काहीच लिहिलं नाही.

हॉटेलात हशा पिकला. वडगावकडे तर यंदा मैदानसुद्धा नव्हतं. मुरमाच्या मैदानावर आठवडी बाजाराचे ओटे झाले होते आणि संघ पावसाळ्यापासून आश्रुबा नावाच्या शेतकऱ्याच्या पडीक काळ्या रानात, विहिरीचं पाणी वाहणाऱ्या दंडाशेजारी सराव करत होता. तिथली माती कायम ओली. खेळाडू गुडघ्यापर्यंत माखून चहाला यायचे. रामप्रसादांनी हसतच आपल्या भागात माजलगाव पहिलं आणि वडगाव पाचवं लिहिलं.

गर्दी पांगल्यावर आप्पारावांनी तिला विचारलं, "मागल्या वर्सी बी तू गावावर माया केली अन् तोंडावर पडलीस. आता कावून पुन्हा तेच लिव्हायलीस?"

"माया न्हाई आप्पा," ती म्हणाली. "रामप्रसादभाऊ पोरायची उंची मोजायलेत, मी जमीन पाहायले. फायनल माजलगावला हाय. पाहुण्यायच्या अंगावर धूळ उडू न्हाई म्हणून तिथं दरसाली मैदानावर टँकर ओततेत. काळ्या मातीवर पाणी पडलं की उंच बी तेवढाच अन् बुटका बी तेवढाच. अन् आपली पोरं त्याच मातीत खेळायलीत."

मी ऐकलं आणि माझी चीरसुद्धा दुखायची थांबली.

लीग सुरू झाली. वडगावने केजला हरवलं, धारूरला हरवलं, मांजरसुंब्याला हरवलं. माजलगावकडून मात्र तीन सरळ सेट हरलं. दोघेही फायनलला पोहोचले आणि होळीच्या आधीच्या रविवारी मी टेम्पोत चढलो. दोराने आवळलेला, तोंड रस्त्याकडे. वाटेत माझ्या जन्मगावचा, धारूरचा घाट लागला, पण खरं सांगतो, माझं लक्ष घाटात नव्हतं.

मैदानाजवळ पोहोचलो तर टँकर नुकताच रिकामा होऊन निघाला होता. पाहुण्यांच्या खुर्च्यांपुढची धूळ बसली होती आणि मैदान काळंभोर चमकत होतं. पंचशीलेने वाकून चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली आणि ती माझ्याशेजारी उभी राहिली.

पहिल्या सेटमध्ये माजलगावचे उंच गडी उडी मारायला गेले की पाय रुतायचे. आमच्या अभिमन्यूची उंची संघात सगळ्यांत कमी, पण तो चिखलातून सरसर सरकत प्रत्येक चेंडू उचलायचा. पहिला सेट वडगावचा. दुसराही वडगावचा. रामप्रसाद घाम पुसू लागले. मी मनातल्या मनात फ्लेक्सला टाटा करून टाकला.

पण फाल्गुनातलं ऊन ते. तासाभरात माती सुकली, घट्ट झाली आणि ताडमाड गडी पुन्हा उडू लागले. तिसरा सेट माजलगावने घेतला, चौथाही घेतला. पंचशीलेचा चेहरा उतरला. तिचा सगळा हिशोब ओल्या मातीवर होता आणि आता मैदानात ओल उरली नव्हती. तिने पिशवीतून खडू काढला आणि मुठीत घट्ट धरला. मला वाटलं, संपलं. सरपण आणि मी.

पाचवा सेट पंधरा गुणांचा. तेरा-तेरा झाले. आणि तेव्हा मित्रांनो, एक गंमत झाली. माजलगावच्या स्मॅशसमोर अभिमन्यू उडाला आणि असा उडाला की त्याचं मनगट नेटच्या वर दिसलं! चेंडू अडला, पलीकडे पडला. कोणाला कळेना हा बुटका इतका वर गेला कसा. पण मला कळलं. चिकट मातीतून पाय उपसत ज्यांनी कितीतरी महिने उड्या मारल्या, त्यांना कोरडी जमीन म्हणजे सुट्टीच होती; माजलगावचे पाय मात्र पहिल्या दोन सेटांच्या चिखलाने आता थकले होते. चिखलात ते सगळ्यांबरोबरीचे होते, कोरड्यावर त्यांना पंख फुटले. चौदा-तेरा. पुढची सर्व्हिस, एक लांब रॅली आणि पुन्हा अभिमन्यूची उडी. पंधरा-तेरा. वडगाव पहिलं!

मग जे झालं ते सांगायला माझ्याकडे खडू पुरायचा नाही. हलग्या वाजल्या, गुलाल उडाला, अभिमन्यूला खांद्यावर घेतलं. कोणीतरी एक हार माझ्या मोडक्या कोपऱ्याला अडकवला. माणिकराव गुरुजी काठी टेकत आले होते. पंचशीलेने त्यांना जयभीम घातला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

रामप्रसाद पुढे आले. सगळ्यांसमोर त्यांनी बाही सरसावली आणि आपला पहिला नंबर तळहाताने पुसला, अगदी नीट. "ताई, खडू तुमचाच," ते म्हणाले, "अन् फळा बी."

लोक टाळ्या वाजवत होते, पण पंचशीला माझ्याकडे वळली. धारूर तिसरं आलं होतं आणि मांजरसुंबा चौथं, तिने उलट लिहिलं होतं. तिने स्वतःचा तळहात त्या दोन ओळींवरून फिरवला. मग म्हणाली, "पहिला नंबर बी अर्धाच बरोबर हाय. मी नुस्ता चिखल पाह्यला, पोरायचे पाय पाह्यलेच न्हाईत. ते मला बी ठाऊक नव्हतं." जिंकल्यावरही आपली चूक मोजणारी ती, चौथीतली तीच मुलगी होती. त्या क्षणी मला तिचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा हाराचाही वाटला नाही.

आज मी त्याच भिंतीवर आहे. रामप्रसादांनी आधीच छापून ठेवलेला फ्लेक्स वाया गेला नाही. पावसाळ्यात आप्पाराव तो माझ्यावर पांघरतात. त्यावर पहिल्या नंबराला माजलगाव आहे, पण छपाई आतल्या बाजूला ठेवतात.

मित्रांनो, जुन्या फळ्याला भिंतीकडे तोंड करून उभं करू नका. आणि मला ओल्या फडक्याने तर कधीच पुसू नका, माझं लाकूड फुगतं. कोरड्या तळहाताने पुसा. दिवाळीनंतर पंचशीला नवा अंदाज लिहील, त्यासाठी यंदाची पहिली ओळही पुसावी लागेलच. पण तळहाताने पुसलं की खडूची फिकट खूण माझ्या अंगात राहते. सकाळची पहिली बस येते तेव्हा ऊन तिरपं पडतं. त्या वेळी थांब्यावर उतरा आणि माझ्याकडे नीट पाहा. सगळ्यांत वर लिहिलेलं दिसेल: एक, युसूफ वडगाव.